स्नानघराच्या दारावरची पाटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे दिवा लावतानाही नाही. स्वतःशीसुद्धा कधी सलग सांगितलेलं नाही. एखादा तुकडा आठवतो आणि मी उठून भांडी घासायला लागते, घरात डिशवॉशर असताना. त्यामुळे आमच्याकडची भांडी फार स्वच्छ असतात.

मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. जे ओळखतात ते माझ्याबद्दल चांगलंच बोलतात, आणि ते मोडायची माझी तयारी नाही. मिशिगनमध्ये ट्रॉयला आम्ही राहतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. मंडळाच्या गणपतीत निवेदन माझ्याकडे. कोणाचे आईवडील भारतातून आले आणि आजारी पडले, तर पहिला फोन मला येतो. मेधाला सांगा, मेधा करेल. माझ्याबद्दल वाईट बोलणारं माणूस तुम्हाला या गावात सापडायचं नाही. वाईट बोलण्याचं खातं मी स्वतःकडे ठेवलंय—इतरांबद्दल.

आता वैशालीबद्दल. की आधी जपानबद्दल सांगू? मी मुद्दाम रेंगाळतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

वैशाली आणि मी मिशिगनमधल्या एकाच विद्यापीठात एमएस करत होतो आणि एकाच भाड्याच्या घरात राहत होतो. ती हिंगोलीची, शाळामास्तरांची एकुलती एक मुलगी. मी पुण्याची. पुण्याची म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आम्ही कोणाला तोंडावर कमी लेखत नाही. समोरच्याला ते आपोआप कळेल, एवढंच बघतो. ती डोक्याला चपचपीत तेल लावायची. भर जुलैतही मनगटापर्यंत बाह्या. इंग्रजी बोलताना आधी वाक्य मनात जुळवायची आणि मग घाबरत बाहेर सोडायची. पण गणितात तिच्यासमोर आम्ही सगळे धुळाक्षरं गिरवणारे. तिच्या असाइनमेंट्स मी उतरवून घ्यायचे आणि बाकीच्या मुलींसमोर तिच्या इंग्रजीची नक्कल करायचे. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, कधी कधी एकाच संध्याकाळी. तिला नक्कल माहीत होती का? माहीत असावी. तरी ती मला 'मेधा, तू माझी हक्काची आहेस' म्हणायची. कारण काय, तर अख्ख्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच होते.

आमच्या विद्यापीठाचा जपानमधल्या एका विद्यापीठाशी करार होता. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आम्हा अकरा जणांना दहा आठवड्यांसाठी तिकडे पाठवलं. मी पुण्यात असताना तीन वर्षं जपानी शिकले होते—पुण्यात अर्धं गाव जपानी शिकतं, त्यात विशेष काही नाही—पण त्या अकरा जणांत मी एकदम मोठी झाले. स्टेशनवरच्या पाट्या, हॉटेलातला मेनू, औषधांच्या बाटल्या, सगळं मी वाचायचं आणि बाकीच्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं. आमचे अमेरिकन प्रोफेसरसुद्धा बसमध्ये चढण्याआधी माझ्याकडे बघायचे. तुमच्या वाट्याला असं कधी आलंय? माणूस फार लवकर बिघडतो. मी तर आधीच बिघडलेली होते.

फेब्रुवारीत एका वीकेंडला आम्ही डोंगरातल्या एका स्कीइंगच्या ठिकाणी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसच्या टपाहून उंच बर्फाच्या भिंती. उताराच्या पायथ्याशी एक जुनी लाकडी सराई होती आणि मागे गरम पाण्याचे झरे. तिथल्या पद्धतीप्रमाणे खोल्यांना न्हाणीघर नाही. सगळ्या बायकांनी एकत्र आंघोळ करायची, उघड्यावर, झऱ्याच्या कुंडात. अंगावर एक धागा नाही. स्विमसूटसुद्धा चालत नाही. हातरुमालापेक्षा जरा मोठं एक फडकं हातात देतात, ते लोक घडी करून डोक्यावर ठेवतात.

हे ऐकल्यावर वैशालीचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! अमेरिकन मुली खिदळत होत्या, त्यांनाही लाज वाटत होतीच. पण ती लाज गमतीची होती. वैशाली मात्र पांढरीफटक पडली. आता हा शब्द लिहितानाही मला माझीच शिसारी येते. का ते पुढे कळेल.

सराईची मालकीण सत्तरीची, वाकलेली बाई होती. तिनं मला बाजूला घेऊन नियम सांगितले आणि मी ते सगळ्यांना सांगायचे होते. त्यात एक गोष्ट अशी होती—व्हरांड्याच्या टोकाला एक लहान स्नानघर आहे, एकट्यानं किंवा घरच्यांबरोबर आंघोळ करण्यासाठी. आतून कडी लागते. वेगळी नोंद नको. दारावर लाकडाची पाटी टांगलेली असते. एका बाजूला 'रिकामं', दुसऱ्या बाजूला 'आत कोणी आहे'. जाताना पाटी फिरवायची, निघताना पुन्हा फिरवायची, झालं. आणि मालकीण हसून म्हणाली होती, आज तुमच्याखेरीज सराईत कोणीच पाहुणे नाहीत, तेव्हा मोकळंच असेल.

मी हे सगळं सांगितलं. पाटीचंसुद्धा सांगितलं, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. बाकीच्या मुलींनी लहान स्नानघराकडे लक्षच दिलं नाही, त्यांना बर्फातलं मोठं कुंड हवं होतं. पण वैशालीचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. खांदे खाली आले, ओठ सुटले. आणि खरं सांगते, त्या सुटकेचाच मला राग आला. वाटलं, एवढं काय लपवण्यासारखं आहे हिच्याकडे? आम्ही सगळ्यांनी उघडं व्हायचं आणि या बाईसाहेब कडी लावून बसणार!

दुपारभर आम्ही स्कीइंगच्या नावाखाली आपटत होतो. साडेचारला परतलो तेव्हा सगळ्यांचे कपडे आतपर्यंत भिजलेले आणि बोटं बधिर. वैशाली टॉवेल घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि लगेच परत आली. पाटी तिला वाचता येत नव्हती. "मेधा, बघतेस का जरा, काय लिहिलंय?"

मी बघायला गेले.

हे इथवर मी बऱ्याचदा आलेय. याच्यापुढे भांडी सुरू होतात. थोडं थांबते—आधी बाकीचं सांगते, मग इथेच परत येते. येईन नक्की.

तर ते लहान स्नानघर तिला मिळालं नाही. पाच वाजता पुन्हा बघितलं, तेव्हाही नाही. साडेपाचला तिसऱ्यांदा. सहाला जेवण होतं. ती म्हणाली, मी नुसतं हातपाय धुते. मी म्हटलं, इथे आंघोळ न करता पंगतीला बसणं म्हणजे घरच्यांचा अपमान, मालकिणीला वाईट वाटेल. असलं काही नसतं. त्या बिचाऱ्या बाईला कोणी बारा दिवस आंघोळ केली नसती तरी कळलं नसतं. पण जपानचे नियम मला माहीत होते ना! मी सांगेन तो नियम.

शेवटी ती माझ्याबरोबर मोठ्या कुंडावर आली. बाकीच्या मुली आधीच पाण्यात होत्या, कडेला जवळच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. वैशालीनं कपडे काढायला इतका वेळ लावला की माझे पाय गारठले. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस हं." मी म्हटलं, "हे बघ, मिटले डोळे." आणि फटीतून बघितलं.

तिला कोड होतं. दंडांवर, पोटावर, आणि पाठीवर तर मानेच्या खालपासून कमरेपर्यंत मोठाले पांढरे डाग. चेहरा, हात, पावलं तेवढी सुटली होती, म्हणून आजवर कोणाला कळलं नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांनी एकदाही मान वळवली नाही. अमेरिकन मुली स्वतःचीच अब्रू सांभाळण्यात गुंतल्या होत्या. वाफ होती, अंधारून आलं होतं. त्या कुंडावर बघणारी मी एकटी होते.

पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर तीच बोलायला लागली. मी विचारलं नव्हतं. आठवीत सुरू झालं म्हणाली. घरी आई, बाबा आणि सुमनमावशी, एवढ्यांनाच माहीत. सुमनमावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. अकरावी-बारावीला वैशाली परभणीला तिच्याकडेच राहिली होती. पाठीवर आपला हात पोचत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मावशी तिला मलम लावायची आणि लावता लावता ती शिकवायची त्या शाळेतल्या बायकांच्या नकला करून हसवायची. "मावशीनं मला कधी 'बिचारी' म्हटलं नाही बघ," ती म्हणाली. मग म्हणाली, "तीन माणसं होती. आता तू चौथी."

आणि मी? मी म्हटलं, अगं, काही दिसतसुद्धा नाही. मनात काय होतं? दया नव्हती. कोड लागत नाही, त्यानं काही होत नाही, हे मला पुरेपूर ठाऊक होतं, म्हणजे भीतीही नव्हती. जिन्यात पडलेलं कोणाचं तरी पाकीट सापडावं आणि आजूबाजूला कोणी नसावं, तसं काहीतरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वैशाली वेगळीच बाई होती. बर्फात पडत होती, हसत होती. उन्हात उकडायला लागल्यावर तिनं जाकीट काढून बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या—दोन वर्षांत मी पहिल्यांदा दिवसाउजेडी तिचे कोपर पाहिले—आणि प्रोफेसरांना बर्फाचा गोळा मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती आवडायला लागली होती सगळ्यांना. मी तिची फजिती बघायला गेले होते आणि हाती लागला तिचा आनंद. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बरं झालं बघ, ती छोटी खोली रिकामी नव्हती. नाहीतर मी आयुष्यभर कडी लावूनच बसले असते." आणि झोपली. तीन तास माझा खांदा अवघडला होता आणि मी चडफडत होते.

आता फोनचं सांगते.

दोन वर्षांनी मी ट्रॉयला नोकरीला लागले होते, वैशाली टेक्सासमध्ये, डॅलसजवळ अर्विंगला. एका रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते आणि न्यू जर्सीहून, एडिसनच्या नीलाकाकूंचा फोन आला. माझ्या मामेबहिणीच्या सासरकडून त्यांची ओळख. त्यांच्या भाच्यासाठी वैशालीचं स्थळ आलं होतं. मुलगा-मुलगी दोनदा भेटली होती, दोघांना पसंत होतं, पत्रिका जमली होती. आता उरली होती चौकशी. आपल्याकडे चौकशी कशी करतात, तुम्हाला माहीत आहे. मुलीला कोणी विचारत नाही. मुलीबरोबर खोलीत राहिलेली मुलगी शोधून काढतात. तिनं काय सांगितलं याला महत्त्व नसतं. ती कुठे थांबली ते ऐकतात.

"तुम्ही जपानला बरोबर होतात ना गं? कशी आहे मुलगी?"

मी भरभरून सांगितलं. हुशार, कष्टाळू, घरकामात तरबेज, कधी उलटून बोलणार नाही. एकही शब्द खोटा नव्हता. आणि मग मी थांबले. पोह्यांवरचं पाणी निथळत होतं, ते बघत राहिले. काकू म्हणाल्या, "काही आहे का?"

"छे हो काकू, तसं काही नाही. कपड्यांत झाकलं जातं."

एवढंच. 'कोड' हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही. तो काकूंनीच पलीकडे उच्चारला, दबक्या आवाजात, आणि मी म्हटलं, माझं नाव नका घेऊ हं, माझी मैत्रीण आहे ती. करून सवरून नामानिराळी. मला तो मुलगा हवा होता का? मी त्याचा फोटोही पाहिला नव्हता. मला काही मिळायचं होतं का? नाही. कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं, पाटीवर काय लिहिलंय ते मी सांगावं म्हणून. बस्स, एवढंच मिळालं. मग मी फोडणी केली आणि पोहे खाल्ले.

लग्न मोडलं. आठवड्याभरात खरं कारण फिरत फिरत हिंगोलीला पोचलं. वैशालीचा मला फोन आला, रडत होती. म्हणाली, पुढच्या शनिवारी तो डॅलसला येणार होता, तेव्हा मी स्वतःच त्याला सांगणार होते. वाक्यंसुद्धा पाठ केली होती गं. लग्न मोडल्याचं तिला फारसं काही नव्हतंच. रडत होती ती वेगळ्या कारणासाठी. तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं की हे सुमनमावशीचं काम. बाहेरच्या जगात तिलाच तेवढं माहीत होतं, आणि मावशीची स्वतःची मुलगी लग्नाची होती. मावशीनं देवावर हात ठेवून शपथ घेतली. आईनं ऐकलं नाही.

वैशाली म्हणाली, "मला नाही वाटत गं मावशीनं सांगितलं असेल. तुला काय वाटतं?"

चौथी मी होते. तिनं स्वतः मोजून सांगितलं होतं—आता तू चौथी—आणि तरी माझं नाव तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. मला काय वाटतं, हे ती मलाच विचारत होती. मी गप्प राहू शकले असते. 'माहीत नाही' म्हणू शकले असते. तेवढ्यानंही कदाचित निभावलं असतं. मी म्हटलं, "मग दुसरं कोण असणार? वाईट वाटून घेऊ नकोस. पोटच्या पोरीसाठी माणूस काहीही करतं."

वड्याचं तेल वांग्यावर निघतं म्हणतात. मी ते स्वतःच्या हातानं काढलं.

दोघी बहिणींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. मावशीनं तीनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः दाराशी येऊन गेली. वैशालीनंही तिला फोन करणं सोडलं. आईला दुखवायचं नाही आणि मेधानंही तेच म्हटलंय ना. पाच वर्षांनी मावशी पोटाच्या दुखण्यानं गेली. वैशालीची आई शेवटचं तोंड बघायला गेली नाही. हिंगोलीहून परभणीला जायला दीड-दोन तास लागतात. हे मला वैशालीनंच फोनवर सांगितलं, मांडीवरच्या मुलीला थोपटत. मी म्हटलं, अरेरे. तिकडची हवा कशी आहे तेही विचारलं.

वैशालीचं पुढे चांगलं झालं, हे सांगायला हवं. माझ्या बचावासाठी नव्हे, नुसतं काय झालं म्हणून. ऑफिसातल्या समीरला तिनं पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं, बाह्या वर करून दाखवलं, आणि तो म्हणाला, कॉफी घेऊ या का? लग्न केलं. मुलगी झाली, इरा. तीन वर्षांपूर्वी समीरची नोकरी बदलली आणि ते कुठे राहायला आले? ट्रॉयला. आमच्यापासून गाडीनं सात मिनिटं. मीच त्यांना घर शोधून दिलं. मेधा करेल.

आता वैशाली अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते. गेल्या वर्षी मंडळात महिलांच्या कार्यक्रमात तिनं स्टेजवर उभं राहून ती गोष्ट सांगितली—जपान, बर्फ, लहान स्नानघर, दारावरची पाटी. म्हणाली, त्या दिवशी ती खोली रिकामी असती तर मी आज तुमच्यासमोर अशी उभी नसते. म्हणाली, आणि माझ्या शेजारी एक मैत्रीण होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून.

तर पाटी. मघाशी म्हटलं होतं, इथे परत येईन.

मी तिच्याबरोबर व्हरांड्याच्या टोकाशी गेले. लहानसं दार, त्यावर दोरीनं टांगलेली वीतभर पाटी, तापल्या सळईनं डागून लिहिलेली अक्षरं. अक्षर सोपं होतं, पहिल्या वर्षात शिकवतात. 'रिकामं'. वैशाली माझ्या तोंडाकडे बघत होती, छातीशी टॉवेल धरून.

मी म्हटलं, "आत कोणीतरी आहे गं."

पाटीला मी हातही लावला नाही. फिरवण्याची गरजच नव्हती. वाचणारी मी एकटी होते. पाच वाजता पुन्हा तेच वाचलं. साडेपाचला तिला शंका आली. म्हणाली, बाहेर स्लिपर्स तर दिसत नाहीत कोणाच्या. मला सुचायला अर्धा क्षणही लागला नाही. म्हटलं, इथे आत घेऊन जातात, आणि दार वाजवायचं नसतं बरं, ते फार वाईट समजतात. तिनं दार वाजवलं नाही. तिनं एकदा नुसता हात लावला असता तरी ते सरकलं असतं.

मला तिचं कोड माहीत नव्हतं तेव्हा. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण ती काहीतरी झाकते हे माहीत होतं, आणि ते उघडं पडलेलं मला बघायचं होतं. एवढं पुरे नाही का? फोनवरचं पाप एका वाक्याचं होतं, कोणी म्हणेल जीभ घसरली. पाटी मी तीनदा वाचली. अख्खा तास मध्ये होता. मधल्या वेळात मी चहा प्यायले.

गेल्या शनिवारी दुपारी वैशालीनं मला बोलावलं. इरा आता बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांवर आणि पाठीवर डाग दिसायला लागले. या महिन्यात तिच्या शाळेचा वीकेंडचा कॅम्प आहे, वर उत्तरेला तळ्याकाठी. पोहायचंय, मुलींचे एकत्र शॉवर आहेत. ती जायला तयार नव्हती. फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाखाली पडून होता. वैशाली म्हणाली, "माझं ऐकत नाही ती. म्हणते, तू आई आहेस, तू असंच म्हणणार. तू सांग तिला जपानचं. तू होतीस तिथे."

मी सांगितलं. मी छान सांगते, निवेदन उगाच माझ्याकडे नाही. बर्फाच्या भिंती सांगितल्या, म्हाताऱ्या सांगितल्या, कोणी मान वळवली नाही ते सांगितलं. लहान स्नानघर मिळालं नाही, मग तुझी आई सरळ उठून कुंडाकडे गेली, म्हणून सांगितलं. मी डोळे मिटले होते तेही सांगितलं. इरा हुडीच्या बाह्या तळहातांवर ओढून ऐकत होती. वैशाली तव्यावर थालीपीठ लावत होती आणि पाठमोरी हसत होती.

गोष्ट संपल्यावर इरा म्हणाली, "बट मावशी, वॉज देअर रिअली समवन इन देअर? लाइक, द होल टाइम?"

"अगं, असेल ना कोणी म्हातारं जोडपं," वैशाली म्हणाली. "तुझी मावशी तीनदा बघून आली माझ्यासाठी."

इरानं आईकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "बिकॉज इफ इट वॉज एम्प्टी, दॅट्स डिफरन्ट. देन आई डिडन्ट हॅव टु."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. वैशालीनं नाही, तिच्या आईनं नाही, सुमनमावशीला तर विचारायला मी कोण हेच ठाऊक नव्हतं. आणि ती पोर तिच्या आईसारखीच माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो. होतं ना कोणीतरी. पूर्ण वेळ."

इरा उठली, फ्रिजवरचा फॉर्म काढून आईसमोर ठेवला आणि म्हणाली, सही कर. वैशालीनं पिठाचे हात पुसून सही केली. तिचे डोळे भरले होते. मग तिनं माझ्या ताटलीत आणखी एक थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि मी ते खाल्लं.